तारीख विचारणारा अभिमन

फुकट काही आलं की मी आधी त्याचं झाकण उघडून पाहतो. १९९९ च्या जूनमध्ये पुण्याच्या कुठल्याशा कंपनीने आमच्या संघटनेच्या चोपड्याच्या ऑफिसात पाच जुने कॉम्प्युटर पाठवले, तेव्हा मी खरोखर पेचकस घेऊन बसलो आणि पहिल्याचं झाकण काढलं. आत धूळ, वायरी आणि एक वाळलेली पाल. बाकी काही सापडलं नाही. पण मशीनसोबत टेम्पोतून जो माणूस उतरला होता, त्याचं झाकण काढायची सोय नव्हती.

अभिमन वना महाजन, राहणार धरणगाव. तिशी ओलांडलेला, काडीसारखा, खिशाला दोन पेन, पायात टायरच्या चपला.

मी विचारलं, "पगार कोण देतं तुला?"

"कोणी नाही, भाऊ."

"मग आलास कशाला?"

"मशीनं चालतात का, ते पाहायला."

हे उत्तर मला अजिबात आवडलं नाही. बिनपगारी माणूस म्हणजे त्याचा पगार दुसरीकडून येतो, हे मी वीस वर्षांच्या चळवळीत शिकलोय. शाळा मी नववीत सोडली, धुळ्याच्या बसस्टँडवर हमाली केली, शासनाचे निर्णय कंदिलाजवळ बसून स्वतःचे स्वतः वाचले. मला कोणी येऊन काही शिकवायला लागलं की माझा हात आधी खिशावर जातो.

दोनच दिवसांनी मी धुळ्याला गेलो. मुलगी द्यायची असल्यासारखी चौकशी केली. अभिमन तिथे आग्रा रोडच्या एका कॉम्प्युटर क्लासात होता, एवढं त्याने सांगितलं होतं. क्लासच्या खाली झुलाल चहावाला.

"अभिमन? तो तर शिपाई व्हता तठे," झुलाल म्हणाला. "लादी पुसायचा. पोरं घरी गेली का मशीनवर बसायचा. नंतर नंतर पोरांना काही अडलं का ते मास्तरला विचारायचे, न् मास्तर अभिमनला."

"मग सोडलं का त्याने?"

"त्यानं नाही सोडलं. पोरांना ते कळलं, म्हणून मास्तरनं सोडवलं."

चौकशीत वाईट काही निघालं नाही. त्याने माझा संशय वाढलाच. इतका स्वच्छ माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

आता काम काय होतं ते सांगतो. सातपुड्याच्या पायथ्याला साजपाणी नावाचा पाडा. दोनशे बारा कुटुंबं जंगलाच्या जमिनीवर बापजाद्यांपासून ज्वारी-मका घेतात. ही जमीन ठरलेल्या सालाच्या आधीपासून आमच्या नांगराखाली आहे, असं दाखवलं तर ती नावावर होणार होती. नाही दाखवलं तर अतिक्रमण, म्हणजे उठा. दर कुटुंबाचा एक दावा, त्यावर चतुःसीमा, जमीन कधी फोडली ते, आणि दोन म्हाताऱ्या साक्षीदारांचे अंगठे. चौकशी समितीकडे हे सगळं १३ डिसेंबरच्या संध्याकाळी पाचपर्यंत पोचलं पाहिजे होतं. चौदा तारखेला कोणी घेणार नव्हतं.

आणि पाड्यात साल कोणालाच माहीत नाही. तेरसिंग पावरा, तिथला जुना कार्यकर्ता, त्याला मी विचारलं, "तू शेत कधी फोडलं?" तर म्हणाला, "रुपली पोटात होती तवा." म्हणजे रुपलीचं वय काढा, त्यातून साल काढा. दुसरा सांगणार, मोठ्या दुष्काळानंतर दोन होळ्या गेल्या तेव्हा. तिसरा सांगणार, नाल्याकडचं मोहाचं झाड पडलं त्या वर्षी. अशी दोनशे बारा सालं आम्ही माणसं, झाडं आणि दुष्काळ मोजून काढली. हाताने तीन-तीन प्रती करायला एक वर्ष लागलं असतं. म्हणून मशीन.

ती तेरसिंगची रुपली बावीस वर्षांची, दहावी झालेली, लग्न होऊन शेजारच्याच पाड्यात दिलेली. रोज सायकलवर ऑफिसात यायची. अभिमनने मशीनवर बसायला तिलाच निवडलं. मी मागे खुर्ची टाकून बसायचो.

मशीनला विकतचं काही घालायचं नाही, असं अभिमनचं म्हणणं. कॉम्प्युटरच्या मासिकासोबत एक चकती फुकट येते, तिच्यात लिनक्स असतं, ते टाकायचं. त्याच्यावर पायथन नावाची एक भाषा, आणि त्या भाषेत त्याने आमच्या दाव्यांचा प्रोग्राम लिहिला. मराठी अक्षरं तर त्याने चौकटीच्या वहीत एकेक टिंब भरून स्वतः काढली होती. 'क्ष' काढायला त्याला अख्खी दुपार लागली, मी साक्षीला होतो.

पण नुसत्या पायथनने भागत नव्हतं. अक्षरं चित्रासारखी छापायची तर चित्रांचं एक पुडकं लागतं. ते चालायला दाबून ठेवलेली माहिती उलगडणारं दुसरं पुडकं. पडद्यावर चौकट दिसायला तिसरं. अशी सहा. आणि त्यांचा क्रम चुकला की सगळं मुसळ केरात. चौकटीचं पुडकं पायथनच्या आधी चढवायचं, कारण पायथन चढताना आजूबाजूला कोण आहे ते एकदाच पाहून घेतो. नंतर आलेल्याला तो ओळखतच नाही. पहिल्या मशीनवर अभिमनचे तीन दिवस यातच गेले.

"हे कसलं कारस्थान?" मी म्हणालो. "एकाला दुसरा लागतो, दुसऱ्याला तिसरा. मुद्दाम गुंतवतात."

तो हसला. त्याचा बाप धरणगावच्या जिनिंगमध्ये फिटर होता. म्हणाला, "भाऊ, कापसातून सरकी निघाल्याशिवाय गाठ बांधता येते का? आधी जिन, मग प्रेस. तसंच हे."

बरं, एकदा चढवून सुटका होती, असंही नाही. आमच्याकडे वीज कधी जाईल त्याचा नेम नाही. मशीन चालू असताना वीज गेली की त्यातल्या फायली मोडायच्या. आज चित्रांचं पुडकं गायब, उद्या दुसरंच. मग अभिमनने एक फाईल लिहिली. तो तिला स्क्रिप्ट म्हणायचा. काम साधं होतं. आपण रोज मशीनला जे हुकूम एकामागे एक देतो, ते सगळे एका कागदावर लिहून ठेवायचे आणि मशीनला सांगायचं, वरपासून खाली वाच. रुपलीने सकाळी एक शब्द टाकायचा. स्क्रिप्ट सहाही पुडकी तपासणार, जे नसेल ते चकतीतून काढणार, त्याला जे आधी लागतं ते आधी बसवणार, आणि एखादं बसलं नाही तर पुढे जाणारच नाही, तिथेच थांबून सांगणार.

रुपली चार दिवसांत तरबेज झाली. माझ्या डोक्यात मात्र किडा. ती फाईल लिहिणारा एक, वाचू शकणारा तोच एक. उद्या त्याने मान फिरवली की आमचे दोनशे बारा दावे त्याच्या खिशात.

ऑगस्टमध्ये रुपलीने मला हौसेने बोलावलं. "भाऊ, हे बघा. मशीनला सगळं आठवतं. मी कधी आले, तेबी."

पडद्यावर इंग्रजी अक्षरांत यादी होती. रुपली, नऊ ऑगस्ट, सकाळी दहा बारा. तेरसिंग, दहा ऑगस्ट. खाली कोणतं पुडकं कधी बसवलं त्याची नोंद. माझी कानशिलं तापली.

आमच्या संघटनेचा एक नियम आहे. कोण आलं, कधी आलं, हे कुठेही लिहायचं नाही. ९१ साली आमचं बैठकीचं रजिस्टर जप्त झालं आणि त्यातल्या नावा-तारखांवरून चौदा जणांवर खटला उभा राहिला. सहा वर्षं तारखा केल्या लोकांनी. तेव्हापासून माझ्या ऑफिसात हजेरी नाही, रजिस्टर नाही, माझी स्वतःची सही नाही. आणि हा बाबा मशीनच्या पोटात रजिस्टर ठेवतो!

"कोणासाठी लिहून ठेवतोस?" मी त्याची कॉलर धरायची बाकी ठेवली.

"मशीन बिघडलं तर कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून, भाऊ. सुरुवातीलाच ते दोन प्रश्न विचारतं. आज काय तारीख, आणि कोण बसलंय. बाकी काही नाही."

"कोणाला विचारायचं ते कळावं म्हणून! पोलीसबी असंच म्हणायचे. छाप ती फाईल."

त्याने छापली. दीड पान. मी लाल पेन घेतलं, नावाच्या ओळीवर काट मारली, नोंदीच्या ओळीवर मारली, तारखेच्या ओळीवर मारली, आणि बाजूला लिहिलं : काढून टाक.

तो पहिल्यांदाच थोडा अडून बोलला. "भाऊ, नाव काढतो. नोंद काढतो. तारखेची एक ओळ राहू द्या."

"तारीख आम्हाला कळते. मशीनने विचारायची गरज नाही."

"आपल्यासाठी नाही हो, मशीनसाठीच—"

"अभिमन, तोंड बंद."

त्याने ओळी काढल्या. पुढे पंधरा दिवस मी त्याच्या मागची खुर्ची सोडली नाही. सप्टेंबरच्या अखेरीस तो म्हणाला, "आता माझं काम नाही इथे. रुपलीताईंना सगळं येतं," आणि पिशवी उचलून निघाला. मी तेरसिंगला म्हणालो, "बघ, काम अर्धं झाल्याबरोबर पाखरू उडालं."

तेरसिंग म्हणाला, "पंधरा दिस तू त्याच्या मानेवर श्वास सोडत होता. म्हैसबी उठून गेली असती."

नोव्हेंबरभर रुपलीने दावे छापले. मी एकूणएक कागद तपासला. नाव सुटलंय का, चतुःसीमेत कोणी खोडी केलीय का, साल बदललंय का. संशयाने वाचलं, सगळं बरोबर निघालं. मग पाड्यात जाऊन अंगठे घेतले. ९ डिसेंबरच्या गुरुवारी गठ्ठा घेऊन मी समितीच्या खिडकीवर उभा राहिलो. चार दिवस हाताशी ठेवले होते, मुद्दाम.

खिडकीतला कारकून चष्मा कपाळावर ठेवणारा, मुरलेला. त्याने पहिला कागद उचलला, खालच्या कोपऱ्यात पाहिलं, दुसरा उचलला, पुन्हा खालच्या कोपऱ्यात पाहिलं.

"नेते, हे कधी छापलं?"

"गेल्या महिन्यात."

"मग खाली दिनांक एक जानेवारी एकोणीसशे ऐंशी कसा? तेव्हा साजपाणीत कॉम्प्युटर होता वाटतं?"

मागच्या रांगेतले हसले. मी कागद ओढला. खाली, मुंगीएवढ्या आकड्यांत, तेच. दुसऱ्यावर तेच. कुठे दोन जानेवारी. दोनशे बाराही कागद वीस वर्षं जुने.

कारकून खाली वाकून हळू बोलला. "शिक्का मारू का? मारला की हे बनावट कागद आणि तुम्ही बनावट करणारे. मागच्या तारखेचा पुरावा तयार केला असंच कोणीही म्हणेल. न्या परत. सोमवार शेवटचा."

तो मला वाचवत होता का अडवत होता, हे ठरवायला वेळ नव्हता. डोक्यात एकच नाव घुमत होतं. अभिमन. कोणी विकत घेतला याला? किती महिने आधीपासून?

दुपारच्या बसने धरणगाव गाठलं. जिनिंगच्या मागची गल्ली, पत्र्याचं घर. दारात त्याची आई बेबाबाई सरकीची पेंड भिजवत होती. मी उंबऱ्यातूनच ओरडायला सुरुवात केली. दोनशे बारा घरं उठवलीस म्हणालो. कोणाचं खाल्लंस म्हणालो. गल्ली गोळा झाली.

बेबाबाई हात तसाच पेंडीत ठेवून म्हणाली, "मना पोऱ्या चोर शे का, भाऊ? बठ्ठं गाव वळखस त्याले. आधी घरमा ये, पानी पी, मंग गाळ्या दे."

अभिमन आतून आला. मी त्याच्या अंगावर कागद फेकला. त्याने तारीख पाहिली आणि खाटेवर बसला.

"सेल," तो म्हणाला.

"कसला सेल?"

"भाऊ, मशीनच्या आत घड्याळ असतं. ते चालायला छोटा सेल असतो. त्या पाचही मशीनांचे सेल मेलेत, बोर्डाला डाख देऊन बसवलेले, जळगावात मिळाले नाहीत मला. वीज गेली की मशीन वेळ विसरतं आणि ऐंशी सालच्या एक जानेवारीपासून मोजायला लागतं. त्याला वाटतं आपण आत्ताच जन्मलो. मग पुडकी बसवताना नवी फाईल जुनीपेक्षा जुनी ठरते, तेच तेच काम करत बसतं. म्हणून मी पहिली ओळ तारखेची ठेवली होती. मशीनला साल माहीत नाही, तर माणसाने सांगावं."

"मग काढली का?"

तो उठला, फळीवरची एक फाईल काढली, दीड पान माझ्यासमोर धरलं. लाल काट. बाजूला माझं अक्षर : काढून टाक.

वीस वर्षांत मी कुठे सही ठेवली नाही. पण ते माझंच अक्षर होतं, 'ढ'चं पोट बाहेर काढलेलं. गल्लीतली माणसं दारातून वाकून पाहत होती. मी कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"हे जपून का ठेवलंस?" संशय जात नाही ना माणसाचा, मी तेच विचारलं.

"तुम्ही येणार होते म्हणून."

बेबाबाईने पाण्याचा तांब्या पुढे केला. प्यायलो. मग विचारलं, "चल माझ्यासोबत. सोमवारपर्यंत सगळं परत छापायचंय, अंगठे परत घ्यायचेत."

"मी कशाला? स्क्रिप्ट आहे ना. काढलेल्या ओळी परत टाकायच्या, बस. रुपलीताईंना येतं. मी आलो तर तुम्ही मशीनऐवजी माझ्याकडेच बघत बसाल." त्याने माझ्याकडून तो कागद घेतला, पेन काढून त्यावर काटलेल्या ओळींच्या शेजारी 'परत ठेवा' असं लिहिलं आणि माझ्या हातात दिला.

म्हणजे ज्या माणसाने आम्हाला अडकवून ठेवायला ती फाईल लिहिली असं मी सहा महिने धरून चाललो होतो, त्याने ती स्वतःची गरज राहू नये म्हणून लिहिली होती. बसमध्ये खिडकीला डोकं टेकून मी हा हिशोब पाचदा तपासला. चूक निघाली नाही.

शुक्रवारी सकाळी रुपलीने कागद पाहून ओळी परत टाकल्या, स्क्रिप्ट चालवली. पडद्यावर आलं, आज काय तारीख. तिने दहा डिसेंबर टाकली. मग आलं, कोण बसलंय. तिने हात उचलून घेतले आणि माझ्याकडे पाहिलं.

"नाव मागतंय, भाऊ."

"माझं टाक."

"तुमचं? खरं?"

"बापाच्या नावासकट."

तेरसिंग दारात बिडी विझवत म्हणाला, "लिही बाई लवकर, नाहीतर इचार बदलेल."

चित्रांचं पुडकं मोडलेलं निघालं. स्क्रिप्टने उलगडणारं आधी तपासलं, ते ठीक होतं, मग चित्रांचं नवं बसवलं. प्रिंटर करकरत सुरू झाला. एक कागद, चार मिनिटं. दर कागदाला रुपली आधी खालचा कोपरा पाहायची, मग नाव. वीज शुक्रवारी दोनदा गेली, शनिवारी एकदा. दर वेळी मशीनने परत तारीख विचारली आणि दर वेळी आम्ही सांगितली.

रविवारी साजपाणीची माणसं डोंगर उतरून ऑफिसात आली. म्हातारे कुरकुरले. एकदा दिलेला अंगठा परत कशाला? तेरसिंगने समजावलं, "या मशीनचं आपल्यासारखंच हाये. याला साल म्हाईत नाही. आपण रुपलीवरून मोजतो, याला रुपली सांगते." मग स्वतःचा अंगठा पुढे करून मला म्हणाला, "डावा मागच्या वेळेला दिला. आता उजवा घे, तो रिकामाच बसलाय." मी म्हणालो, डावाच लागतो. "नियमाचा लई पक्का झाला तू," तो म्हणाला.

सोमवारी, १३ तारखेला, साडेतीन वाजता मी आणि रुपली त्याच खिडकीवर. कारकुनाने चष्मा खाली घेतला आणि पंधरा-वीस कागदांचे खालचे कोपरे पाहिले. "आता बरोबर," म्हणाला. पोचपावतीचा कागद ओढला, शिक्का शाईत बुडवला, ठपकन मारला आणि पावती खिडकीबाहेर सरकवली.

एरवी मी काय पाहिलं असतं? दाव्यांची संख्या पाहिली असती. सही आहे का ते पाहिलं असतं. त्या दिवशी माझी नजर सवयीने खालच्या कोपऱ्यात गेली. शिक्क्यावर १४ डिसेंबर.

रबराचं चाक एक घर पुढे गेलेलं. चुकून गेलं की कोणी फिरवलं, ते मला आजही ठाऊक नाही, आणि त्याबाबत माझं मत मी बदललेलं नाही. पण ती पावती घेऊन मी घरी गेलो असतो तर दोनशे बारा दावे एक दिवस उशिरा आलेले ठरले असते, आणि साजपाणी उठलं असतं.

मी पावती परत खिडकीत ठेवली. तोंडात शिव्या आल्या होत्या, गिळल्या. त्याऐवजी मागे भिंतीवर घड्याळ होतं, खाली कॅलेंडर होतं, त्याच्याकडे बोट केलं आणि अख्ख्या ऑफिसला ऐकू जाईल असं विचारलं,

"साहेब, आज काय तारीख?"

कारकुनाने शिक्का उलटा करून पाहिला. कॅलेंडर पाहिलं. कपाळावरचा घाम पुसला. मग अंगठ्याने चाक एक घर मागे फिरवलं, जुन्या ठशावर काट मारली, बाजूला सही केली, आणि नवा ठसा उठवला. १३.

"नाव काय तुमचं?" त्याने चिडून विचारलं. "पावतीवर आणणाऱ्याचं नाव लागतं."

रुपली माझ्याकडे पाहून हसली. मी नाव सांगितलं. बापाच्या नावासकट.